राखेचा डबा घेऊन शहागडला

शहागडला पाहण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगते. मोठा रस्ता आहे, त्यावरून दिवसरात्र ट्रक जातात, आणि पलीकडं गंगा आहे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. ज्यांना हवा खायची असेल त्यांनी दुसरीकडं जावं. मी गेले ती राखेसाठी. तीन दिवस मोडले, पायाला सूज आली, आणि चष्म्याची दांडी तुटलेली असल्यामुळं अर्धा जिल्हा मला धूसरच दिसला. तरी लिहून ठेवते, कारण आमच्या सुनेनं ही गोष्ट भलत्याच पद्धतीनं सांगायला सुरुवात केली आहे.

सून म्हणजे वनिता, माझ्या धाकट्या मुलाची बायको. आमचं गाव जाफराबादच्या पुढं. दोन वर्षांमागं ती बहिणीकडं पुण्याला गेली होती. तिथं एका दुकानात तिनं भांडी घासायची राख विकायला ठेवलेली पाहिली. पिशवीत भरलेली, वर पानाफुलांचं चित्र. घरी आली ती तेच डोक्यात घेऊन. "आत्याबाई, आपणबी राख विकायची," म्हणाली. मी म्हटलं, मग उकिरडा कशाला ठेवतीस, तोही वीक. पन्नास वर्षं मी रोज सकाळी चूल साफ करून ती राख पाटीत भरली आणि खड्ड्यात टाकली. कुणी मला एक पैसा दिला नाही.

पण लोक घ्यायला लागले. आधी जाफराबादच्या मास्तरणी, मग आठवडी बाजारात येणाऱ्या बाया. साबणानं हात फुटतात म्हणे. आमच्या हाताला काय झालं होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. वनिता फक्त बाभळीची आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, राख घेते, त्यात मोसंबीच्या वाळलेल्या सालीची पूड घालते. चाळायचं काम माझ्याकडं. आधी पिठाच्या चाळणीनं, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून. माझ्या हातची राख गालाला लावली तरी टोचत नाही. तेव्हापासून वनिता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.

मग शहागडचा एक दुकानदार भेटला. उत्तमराव त्याचं नाव. मोठ्या रस्त्यावर किराणा. त्यानं दोनशे पिशव्या मागवल्या आणि खपल्या तर दर महिन्याला घेईन म्हणाला. वनितानं जालन्याला नव्या पिशव्या छापून घेतल्या, आम्ही आठ दिवस राबलो, माल टेंपोनं गेला. दहाव्या दिवशी उत्तमरावाचा फोन. "ताई, माल परत घेऊन जा." का, ते सांगेना. "फोनवर सांगण्यासारखं न्हाई. तुम्ही या," एवढंच.

वनितानं फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"आत्याबाई, खडे गेले असतील."

"कशात?"

"राखीत. कुणाच्या तरी ताटाला चरे पडले असतील. तुम्हाला आता दिसत बी न्हाई बराबर."

त्याच दिवशी मी ठरवलं की शहागडला मी जाणार. एका डब्यात ताजी चाळलेली राख भरली, तोंडाला लाल फडकं बांधलं, आणि म्हटलं, त्या दुकानदारासमोर ही राख ओतते, खडा काढून दाखव म्हणते.

जाफराबाद ते जालना

सकाळच्या गाडीत वनिता खिडकीपाशी बसली आणि लगेच झोपली. तिला कुठंही झोप लागते. मी डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारी टोपीवाला एक म्हातारा होता. त्यानं डब्याकडं पाहिलं, फडक्याकडं पाहिलं.

"कुठं निघालात, मावशी?"

"शहागडला."

"गंगेवर?"

"तिथंच." दुकान गंगेच्या अलीकडंच होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "घरचंच का?"

"घरचीच. बाहेरची आम्ही घेत न्हाई."

"कधी झालं?"

"परवा. अजून दोन पोती घरी पडून हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, झोपलेल्या वनिताकडं पाहिलं, डब्याला हात जोडले आणि उठला. जालना येईपर्यंत दांडीला धरून उभा होता. मी पाय पसरून बसले. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला जागा देणारी माणसं अजून आहेत.

जालना मला कधी आवडलं नाही. स्टँडवर चहा प्यायलो, त्यात पाणी जास्त. एक पोरगी लिंबाच्या काड्या विकत होती, दात घासायच्या, एकसारख्या तोडून रबरात बांधलेल्या. स्टँडच्या मागं लिंबाचं झाड उभं होतं, तरी लोक घेत होते. वनिता कौतुकानं बघत राहिली. "बघा आत्याबाई, काय डोकं हाय," म्हणाली. मी म्हटलं, डोकं तिचं न्हाई, घेणाऱ्याचं गेलंय.

अंबड

अंबडला माझी भाची लंका राहते. तिच्याकडं मुक्काम केला. गावात शिरताना वनिताला टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीचं दर्शन घ्यायचं होतं. गुडघे असे असताना मी त्या पायऱ्या चढणार नव्हते. खाली डबा घेऊन बसले. जाणाऱ्या बाया मला वळसा घालून जात होत्या. एकीनं लेकराला ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं. जालन्याच्या गाडीत माणसं शहाणी आणि अंबडला अशी, असं मी मनात म्हटलं.

लंकाच्या घरी फरशी, फ्रीज, कपाट. हे कशातून आलं ते ऐका. लेंड्यांतून. तिचा नवरा मेंढरांच्या लेंड्या वाळवतो, कुटतो, किलोच्या पिशवीत भरतो आणि शहरातल्या लोकांना पाठवतो. ते लोक गच्चीवर कुंड्या ठेवतात म्हणे. पिशवीवर गुलाबाचं चित्र. लेंडीचं चित्र काढलं असतं तर निदान खरं तरी झालं असतं.

आमच्या घरात चार पिढ्या मेंढरं. माझे सासरे उन्हाळ्यात लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे. रातभर कळप बसला की रानाला खत, आणि सकाळी शेतकरी पायली-दोन पायली जोंधळे घालायचा. तेही तोंड वाकडं करून. आता तीच लेंडी चिमटीनं कुंडीत घालतात आणि त्याचे फोटो काढतात. जावई मला म्हणाले, "मामी, लेंडी तीच हाय, फक्त पिशवी बदलली." मी म्हटलं, पिशवीत बसून तुम्ही बी बदललात. आधी बसायला घोंगडी द्यायचात, आता खुर्ची देता. ती टोचते.

रात्री जेवायला भाकरी आणि येसराची आमटी. चव चांगली होती. मी लंकाला विचारलं, येसर कधी भाजलंस. ती उठली आणि पुडा घेऊन आली. येसर विकतचं. जात्यावर येसर दळताना जिच्या आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ती पोरगी पुडा फोडून येसर टाकते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पण बोलायचं ते बोलले.

वनितानं मात्र नीट खाल्लं नाही. जावयांना विचारत राहिली, तुमचा माल कधी परत आल्ता का, मंग काय केलं. ते म्हणाले, एकदा पावसात भिजला म्हणून आल्ता, फेकून दिला. ती ताट सारून उठली. झोपताना मला म्हणाली, "हे दोनशे फेकावे लागले तर पुढल्या पिशव्यांचं धाडस माझ्यानं होणार न्हाई, आत्याबाई. मंग खुरपं हायच." मी म्हटलं, आधी बघू तर दे. आणि खडा निघणार न्हाई, हे ध्यानात ठेव.

शहागड

अंबडहून वडीगोद्रीवरून जीपनं गेलो. जीपवाल्यानं मला पुढं बसवलं आणि डबा सांभाळून धरा म्हणाला. शहागडला उतरताना त्यानं हात करून दाखवलं, "घाट तिकडं हाय, मावशी." मी म्हटलं, मला घाटावर काय करायचंय, मला किराणा दुकानात जायचंय. तो बघतच राहिला. एवढ्या सगळ्या लोकांना माझ्या डब्यात एवढा रस कशाला, असं वाटून मी चिडले होते.

उत्तमरावाचं दुकान बरं मोठं होतं. आमच्या पिशव्या दुकानात नव्हत्या. बाहेर, लिंबाखाली, ताडपत्रीवर रचलेल्या, आणि भोवती गोमूत्र शिंपडलेलं. ओट्यावर उत्तमरावाची आई बसली होती. तिला सगळे जिजी म्हणतात. माझ्याच वयाची, पण आवाज माझ्यापेक्षा मोठा. माझ्या हातातला डबा पाहिला आणि ती उठूनच उभी राहिली.

"आनखी आणली का?"

"तुम्हाला दाखवायला आणली," मी म्हटलं. "हात घालून बघा."

"मी कशाला हात घालू? ज्याची त्यानं गंगेत सोडावी. इकायला काय बसता? लाज न्हाई का?"

उत्तमराव गल्ल्यामागून "जिजी, ऐकून तर घे" म्हणत होता, पण त्याचं तिथं काही चालत नसावं. वनिता म्हणाली, "जिजी, कशाबद्दल बोलून राह्यल्या तुम्ही? खडे निघाले का?"

"खडे? बाई, माणसाच्या राखीत खडे बघत्यात व्हय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "ही आमच्या चुलीतली हाय."

जिजीनं एक पिशवी पायानं माझ्याकडं सरकवली. हात लावला नाही. मग डोळ्यावरचा चष्मा काढून माझ्यापुढं धरला. "वाच."

तिचा चष्मा माझ्या डोळ्याला बराबर बसला. चौथी शिकले, पण आता अक्षर जोडत जोडत वाचावं लागतं. मी मोठ्यानं वाचलं. "अ-स्स-ल. गाव-रान. र-क्षा." खाली चित्र होतं. मातीचं मडकं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं.

मी माझ्या डब्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडालाही लाल फडकं. मग गाडीतला म्हातारा आठवला, देवीच्या पायथ्याच्या बाया आठवल्या, जीपवाला आठवला. अजून दोन पोती घरी पडून हाय, असं मीच सांगितलं होतं.

"वनिता," मी म्हटलं, "हे काय छापलंस?"

तिनं सांगितलं ते असं. छापखान्यातल्या माणसाला ती म्हणाली, राख लिहा. तो म्हणाला, राख शब्द पिशवीवर बरा दिसत नाही, शुद्ध लिहू, रक्षा. तिला वाटलं, छान आहे, हाताचीही रक्षा होते. चित्र त्यानंच टाकलं, गावरान दिसावं म्हणून. त्याच्याकडं तयार होतं. तयार का होतं, तर तो दहाव्याच्या पत्रिका छापतो. त्या पत्रिकेतलं मडकं आणि त्याच पत्रिकेतला शब्द. रक्षाविसर्जन शहागड येथे.

"आणि तू वाचलं न्हाई?"

"वाचलं की. पण आपल्याकडं कोण रक्षा म्हणतं, आत्याबाई? आपण राख सावडायलाच जातो."

हे खरं होतं. आमच्याकडं राखेला राखच म्हणतात, चुलीतली असो की माणसाची. शुद्ध बोलायला गेलं की असं होतं. आणि हा माल पाठवला कुठं, तर जिथं सगळा जिल्हा मडकं घेऊन येतो त्या गावात. उत्तमरावानं सांगितलं, एक माणूस दुकानात आला होता, डोक्याचे केस नुकतेच काढलेले. पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, आणि विचारलं, ही कुणाची आहे. त्या दिवशी जिजीनं सगळा माल बाहेर काढला.

वनिता ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली, ट्रककडं तोंड करून. "परत नेऊ," म्हणाली. "टेंपो बघते. घरी जाऊन खड्ड्यात टाकू."

मला तिचा फार राग आला. चुकीचा नाही, चूक कुणीही करतं. आठ दिवस मी चाळलं, माझे हात राखेनं फाटले, आणि ही एका शब्दासाठी ते खड्ड्यात टाकणार. मी उत्तमरावाला म्हटलं, "कागद हाय का?" त्यानं मागच्या वर्षीची कॅलेंडरं दिली. "पेन द्या. आणि खळ कुणी शिजवून देतं का?"

"खळ मी शिजवते," जिजी म्हणाली, "पण राख बाहेरच राहील."

कॅलेंडरांच्या पाठच्या बाजूनं वनितानं पट्ट्या फाडल्या. जिजीचा चष्मा माझ्याकडंच होता, तिनं तो मागितला नाही. मी पहिल्या पट्टीवर लिहिलं, राख. जिजी खळीचं पातेलं घेऊन आली आणि डोळे बारीक करून बघितलं.

"काय लिवलं?"

"राख."

"नुसती राख लिवून कोण मानंल? या गावात राख म्हणली की लोक इचारणारच. कुणाची ते लिव."

"चुलीची हाय."

"मंग चुलीची लिव. आन् माणसाची न्हाई ते बी लिव. लोकाला उलगडून सांगावं लागतं."

मला चीड आली होती, बोटं दुखत होती. ती म्हणाली तसंच लिहिलं. चुलीतली राख. भांडे घासायला. माणसाची न्हाई. अक्षर किरटं, ओळ खाली उतरलेली. वनिता म्हणाली, असं लिहू नका आत्याबाई, हसतील. मी म्हटलं, तू शुद्ध लिवलंस, त्याचं काय झालं ते बघ.

वीसेक पट्ट्या मडक्यावर आणि रक्षावर चिकटवून झाल्या, तेव्हा जिजीनं आतून तिचा तांब्या आणला. काळा पडलेला, तिच्या लग्नातला. माझ्या डब्यातली चिमूटभर राख घेतली, आता तिला हात लावायला चाललं, आणि ओट्यावर बसून घासायला लागली. बराच वेळ घासला. धुतला, उन्हात धरला, अंगठ्यानं चाचपला.

"खडा न्हाई," म्हणाली. "बिलकुल न्हाई. पिठासारखी हाय."

हे वनितानं ऐकलं का, ते मी वळून पाहिलं. ऐकलं होतं. चिकटवत राहिली, मान वर केली नाही.

तेवढ्यात एक ट्रकवाला पाण्याची बाटली घ्यायला थांबला. त्यानं पट्टी वाचली, पुन्हा वाचली, आणि हसत खाली बसला. "मावशी, माणसाची असती तर काय भाव लावला असता?" विचारलं. जिजी म्हणाली, "तुझी आण, मंग सांगते." त्यानं फोटो काढला, पिशवी घेतली. अर्ध्या तासानं त्याच्यामागचा दुसरा थांबला. शेजारच्या हॉटेलवाल्यानं दुधाचं जळलेलं पातेलं आणून माझ्यापुढं आदळलं आणि म्हणाला, हे निघालं तर दहा पिशव्या घेतो. ते पातेलं निघायला तासभर लागला. माझा खांदा अजून दुखतो. त्यानं दहा घेतल्या, पण मासा तळून आणून दिला त्यात मीठ नव्हतं.

उरलेल्या पट्ट्या लिहिता लिहिता दिवस मावळला. दोनशेपर्यंत माझं अक्षर काही सुधारलं नाही. जिजीनं सगळा माल स्वतः आत घेतला, पण गल्ल्यापाशी ठेवू दिला नाही. झाडूच्या शेजारी ठेवला. तिथं ठेव म्हणाली, तिथंच तिची जागा आहे. यावर माझं तिचं एकमत झालं. निघताना मी चष्मा परत दिला. ती म्हणाली, राहू दे, मला एक आणखी हाय. मी ठेवून घेतला.

परत आल्यावर

हे झाल्याला काही महिने झाले. शहागडला दर महिन्याला माल जातो, आता बीडच्या रस्त्यावरच्या दोन दुकानांतही जातो. वनितानं नव्या पिशव्या करायला घेतल्या तेव्हा मला वाटलं, आता तरी सरळ छापील अक्षरात लिहील. ती माझीच एक पट्टी घेऊन छापखान्यात गेली. तशीच छापा म्हणाली. किरटं अक्षर, उतरलेली ओळ, सगळं. छापखानावाला म्हणाला, निदान न्हाईचं नाही करू. तिनं करू दिलं नाही.

आता जिल्ह्यात ज्याला त्याला माझं अक्षर किती वाईट आहे ते माहीत आहे. जाफराबादच्या बाजारात मास्तरीण भेटली तर म्हणते, "काय आजी, माणसाची न्हाई ना?" बाजारातली पोरं मला पाहून तेच म्हणतात. चौथीत मास्तरांनी या अक्षरासाठी हातावर पट्टी मारली होती. ते मास्तर आज असते तर त्यांनाही एक पिशवी दिली असती.

लंकाचा नवरा, म्हणजे आमचे जावई, परवा फोन करून म्हणाले, मामी, लेंडीच्या पिशवीवर काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, गुलाब काढा आधी.

एक गोष्ट मात्र मी वनिताला बजावून ठेवली आहे. मी मेले की माझी राख याच रस्त्यानं, याच गाड्या बदलून शहागडला जाणार, दुसरीकडं नेणार कुठं. तेव्हा ती तुझ्या मालात मिसळू देऊ नकोस, डब्याचं फडकं लाल घेऊ नकोस, आणि जिजीच्या दुकानासमोरून नेऊ नकोस, ती पुन्हा उठून उभी राहील.

वनिता मोसंबीच्या साली कुटत होती. कुटणं थांबवलं नाही.

"चाळून नेऊ का, आत्याबाई?" म्हणाली.